रोज सोळा दगड

६ नोव्हेंबर १९६६, रविवार. सकाळी ६.१०
निश्चय झाला. बोईसर ते घोटीजवळचं आमचं गाव, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, पायी. जुन्या नकाशावर दोरा ठेवून मोजलं. ९६ मैल. रोज सोळा, दिवस सहा, बाकी शून्य. वय वर्षे ५१, महिने ४.
कारण नोंदवून ठेवतो. वैशाखात पुतणीच्या लग्नात थोरले बंधू झुंबरदादा भर पंगतीत म्हणाले, "आमचा खंड्या बोलतो कोसभर, चालतो वीतभर." सगळी पंगत हसली. माझ्या तोंडात जिलबी होती, म्हणून उत्तर राहिलं. ते आता पायांनी देणार.

८ नोव्हेंबर
दादांना कार्ड टाकलं. 'बुधवार, १४ डिसेंबर, दुपारी ठीक चार वाजता पायी वेशीत हजर होतो.' आता माघार नाही. सौ. रत्नाबाई म्हणाली, "आधी कोपऱ्यावरून दळण आणून दाखवा." आणलं. स्टोअरमधल्या, माझ्या हाताखालच्या रामनाथच्या सायकलवरून. (सराव रविवारपासून ठरला आहे.)

१३ नोव्हेंबर, रविवार
सराव पहिला. नव्या रस्त्याला नवे कोरे दगड, मोजायला सोपे. चार दगड जाऊन, चार येऊन, आठ मैल. वेळ दोन तास! लोक उगाच चालण्याचा बाऊ करतात. लष्करी बूट दोन्ही टाचांना चावले. दोष बुटांचा.

१७ नोव्हेंबर
किनाऱ्यावरच्या मुरबे गावात होड्यांची शिडं शिवणारा एक म्हातारा आहे. त्याच्याकडून शिडाच्या कापडाची पाठपिशवी शिवून घेतली. मापं इंचात, अर्ध्यासुद्धा इंचाची चूक नको म्हणून बजावलं होतं. म्हातारा म्हणाला, "शेट, यात सामान घालायचा हाय का मानूस?" अडाणी.

२१ नोव्हेंबर
स्टोअरमध्ये रामनाथने खिळे पौंडांत मोजून कार्डावर किलो लिहिले. माझा सहायक, मॅट्रिक झालेला! मी शाळेत चौथीपर्यंत. बाकी सारं, इंग्रजीसकट, स्वतः शिकलो. स्वहस्ते तक्ता लिहून भिंतीवर लावला. '१ मैल = १.६ किलोमीटर. १ पौंड = ०.४५४ किलो. पाठ करा.' सर्वांच्या सह्या घेतल्या. पहिली माझी.

२७ नोव्हेंबर, रविवार
सोळा दगड पूर्ण!! चार तास पन्नास मिनिटं. घरी येऊन पाच वाजेपर्यंत पालथा होतो. विश्रांतीचंही शास्त्र असतं. सौ.ला ते ठाऊक नाही. तिने आरसा नाकापुढे धरून पाहिला.

३ डिसेंबर
स्टोअरच्या काट्यावर पिशवी चढवली. १९ किलो ४०० ग्रॅम. स्टोव्ह, रॉकेल, कंदील, तांब्या, टिंक्चर, इंग्रजी शब्दकोश, इस्त्रीचा कोट (वेशीत घालण्यासाठी). अनावश्यक एकही वस्तू नाही.
मनोरच्या अलीकडच्या पाड्यावरून मोळी विकायला येणारी बायडी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, माजी मोळी पन मोज ना." मोजली. ३१ किलो. काट्यात बिघाड दिसतो. दुरुस्तीला लिहिलं.

५ डिसेंबर
दादांचं कार्ड. "ये. एस.टी. साडेतीनला येते." बस्स, एवढंच. हा टोमणा मी जपून ठेवला आहे.

९ डिसेंबर, शुक्रवार. प्रयाण, पहाटे ५.३०
(पुढील मजकूर रात्री.)
हिशेबाने तेराव्या दगडाला मनोर. तेरावा दगड आला. मनोर नाही. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या टोळीच्या मुकादमाला म्हणालो, तुमचे दगड चुकलेत. म्हणाला, "दगड बराबर हायेत. अजून सात हाय मनोर. किलोमीटरचे दगड हायेत ना, मैलाचे कवाच काढले."
बसलो.
९६ मैल म्हणजे १५३.६ किलोमीटर. रोजचे २५.६. आणि माझा सोळा मैलांचा विक्रम म्हणजे दहा मैल. तक्ता पाठ आहे, म्हणून हिशेबाला क्षणही लागला नाही.
एवढ्यात मोळी विकून मोकळ्या डोक्याने परतणारी बायडी आली. बोईसरहून माझ्यानंतर दोन तासांनी निघालेली. म्हणाली, "एवडा घेऊन कुटं, लगनाला?" पिशवी उचलून डोक्यावर ठेवली आणि चालू लागली. मी रिकाम्या हातांनी मागून. तिच्या पाड्याच्या फाट्यापर्यंत तिला तीनदा थांबावं लागलं. माझ्यासाठी.
पाचची एस.टी. बोईसरकडे जाणारी होती. माझा इलाज नव्हता.

१२ डिसेंबर
चार दिवस खिडक्या लावून घरात. रजा चालू आहे, रामनाथच्या दृष्टीस पडता कामा नये. सौ. म्हणाली, "अहो, घरात आहातच तर माळा तरी झाडा." झाडला.
सुधारित योजना. एस.टी.ने गावच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत. शेवटचे तीन किलोमीटर (किलोमीटरच, खात्री करून) पायी. वेशीत पायी येणार असं लिहिलं होतं. कुठून, ते लिहिलं नव्हतं.

१४ डिसेंबर, बुधवार
फाट्यावर उतरलो. ३.१०. एस.टी. लांब जाऊ दिली. मूठभर धूळ घेऊन बुटांवर आणि धोतरावर नीट, सारखी पसरली. कोट घातला. वळलो.
वडाखाली बैलगाडी. जुवाला टेकून झुंबरदादा तंबाखू मळत होते.
"लवकर आली की गाडी आज."
तुम्हाला कसं कळलं, विचारलं.
"तिसरीत धावण्याच्या शर्यतीत तू आमराईत बसलास, अन् शेवटच्या वळणाला निघून पहिला आलास. मास्तरांनी बत्तासा दिला होता. मी बांधावरून बघत होतो."
बेचाळीस वर्षं हे कोणाला बोलले नाहीत. पंगतीतसुद्धा नाही.
त्यांनी पिशवी गाडीत टाकली. "यात काय, जातं आणलंस?" मी म्हणालो, एवढे तीन तरी चालतो. "चाल," म्हणाले, आणि बैल माझ्या चालीने हाकत राहिले. पहिल्या दगडाशी त्यांनी गाडी उभी केली. मी चढलो.
नोंद : वेशीत हजर, ठीक चार वाजता. वेळेत चूक नाही.
लोकांनी विचारलं, कसा आलास रे खंडेराव? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "चालत आलाय. फाट्यावरून मीच बसवला."