शेवटचा प्रवेश कापायचा नाही

पेण
१४ सप्टेंबर २०२५

ती. मैनाआत्यास,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं आणि मेसेज तुला आवडत नाहीत, म्हणून पुन्हा पोस्टाची पायरी चढले. पेण ते रोहा पत्राला चार दिवस लागतात. तेवढ्यात मी चालत येईन.

गणपती गेले आणि पेण एकदम रिकामं झालं. जगनच्या गणपतीच्या कारखान्यात आता नुसते साचे पडलेत. तो म्हणाला, की दिवाळीनंतरही महिनाभर जागा वापर, नाटकाच्या तालमी कर. आणि नाटक मिळालंय, आत्या! वाचनालयाने रद्दीला काढलेल्या गठ्ठ्यात सापडलं. ‘दोघींचे बिऱ्हाड’, १९३७ साली छापलेलं, अठ्ठेचाळीस पानं. लेखिका द्वारकाबाई शिर्के, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, रोहा. कधी कुणी रंगमंचावर आणलेलं दिसत नाही.

त्यात सरजू नवऱ्याचं घर सोडते आणि वत्सला नावाच्या मास्तरणीबरोबर बिऱ्हाड करते. शिवणकाम, शिकवण्या, दोघींच्या कमाईचं भाडं. शेवटच्या प्रवेशात घरमालक विचारतो, तुमचं नातं काय? सरजू सांगते, “नवराबायकोत जे असावं असं सगळे म्हणतात आणि क्वचित असतं, ते आमच्यात आहे.” अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी, आत्या! कॉलेजात तास घेताना मी तेच वाक्य मनात घोळवत असते. मुलं ‘मॅडम, पुढे’ म्हणतात तेव्हा जागी होते.

डिसेंबरच्या आत स्पर्धा आहे. वत्सला मी, घरमालक जगन, सरजू नमिता. नमिता कासू गावची, डोलवीला कंपनीच्या लॅबमध्ये आहे. शिफ्ट सुटली की स्कूटीवरून थेट तालमीला येते, कपाळावर हेल्मेटचा वळ घेऊन. नमिताचा आवाज तू ऐकायला हवास.

तू जन्मभर रोह्याच्या दवाखान्यात नर्स होतीस. या द्वारकाबाई तुला माहीत होत्या का? नीट आठवून लिही.

कळावे. लोभ आहे तसाच असू दे, थोडा वाढला तरी चालेल.

तुझी
रोहिणी


रोहा
२० सप्टेंबर २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघा बोलतो, पण कान ऐकत नसल्यामुळे आमचं भांडण होत नाही. अंगणात वाल लावलेत.

तुझे आईवडील गेल्यापासून तुझं सगळं खूळ मीच ऐकत आले, म्हणून सांगते. ते नाटक ठेवून दे. दुसरं एखादं हसरं बसव. रोहा लहान गाव आहे, शिर्क्यांचं घर अजून नांदतं आहे. मेलेल्या माणसाला कशाला उठवायचं? मला त्यांच्याबद्दल विशेष काही माहीत नाही.

बाकी तुझ्या पत्रात नमिताचं नाव किती वेळा आलं ते मी मोजलं नाही, पण मोजण्यासारखं होतं. जेवत जा वेळेवर.

आशीर्वाद आहेतच. ते मागावे लागत नाहीत.

तुझी
मैनाआत्या


पेण
५ ऑक्टोबर २०२५

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न.

मी रागावले आहे, आणि राग मनात ठेवून लिहिलेलं तुला आवडत नाही म्हणून आधीच सांगते.

काल मी रोह्याला येऊन गेले. तुझ्या दारावरून गेले आणि आत आले नाही. स्पर्धेला लेखिकेच्या वारसाचं संमतिपत्र लागतं, म्हणून द्वारकाबाईंच्या भाच्याला भेटायला आले होते. हैबतराव शिर्के, वय शहात्तर, ताठ बसतात. त्यांनी पुस्तक चाळलं, शेवटचं पान वाचलं आणि मिटलं. म्हणाले, “सही करतो, पण ह्यो शेवटचा प्रवेश नाय पायजे. दोघींना बहिणी करा.” मी म्हटलं, त्या स्वतः गंगूताईंबरोबर चाळीस वर्षं राहिल्या असं शेजारचे सांगतात. तर म्हणाले, की गंगू कामवाली होती. “माझं नको ऐकू. तुझ्या आत्याला इचार. पंचांसमोर तिनंच सांगितलेलं.”

मी तिथे काय बोलणार होते? तू मला लिहिलंस, विशेष काही माहीत नाही म्हणून!

इकडे दुसरी काळजी. नमिताला खांब गावचं स्थळ आलंय. मुलगा दुबईला असतो, दिवाळीला येणार. ती तालमीत ओळी विसरायला लागली आहे. मी दिवसभर काहीतरी करत राहते, झाडलेलं घर पुन्हा झाडते. संमतिपत्राची तारीख दहा नोव्हेंबर. मला खरं काय ते लिही, आत्या.

लोभ असावा असं लिहायचा धीर आज होत नाही, तरी लिहिते.

रोहिणी


रोहा
११ ऑक्टोबर २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

दारावरून गेलीस ते मी खिडकीतून पाहिलं होतं. हाक मारली नाही. तू का आली असशील ते कळलं होतं.

१९८१. मी तेवीस वर्षांची, नोकरी नवी. द्वारकाबाईंना साखरेचा आजार होता, रोज सकाळी मी इंजेक्शन द्यायला जायची. दार गंगूताई उघडायच्या. सुई टोचताना द्वारकाबाई माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघायच्या, आणि तोंड वाकडं करायच्या त्या गंगूताई, जणू त्यांनाच टोचलं. घरात एकच पलंग होता. मी सगळं पाहिलं होतं, रोहिणी, आणि मला ते फार आवडायचं.

द्वारकाबाई गेल्या. तेराव्याला त्यांचे भाऊ, म्हणजे हैबतरावांचे वडील, चार माणसं घेऊन बसले. गंगूताई म्हणाल्या, मी या घरातली आहे. मग मला बोलावलं. तू रोज येत होतीस, सांग, ही कोण? गंगूताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, कामाला असतात. दोन लुगडी आणि एक पातेलं देऊन त्यांना खांबला पुतणीकडे पाठवलं. काही वर्षांनी तिथेच गेल्या.

का म्हटलं, तेही लिहिते. माझ्या खोलीवर तेव्हा जुबेदा यायची. आमच्याच दवाखान्यात सुईण होती. लोक विचारायला लागले होते, की ही कोण, रोज कशाला येते. गंगूताईंचं खरं सांगितलं असतं तर माझंही उघडं पडलं असतं. जुबेदाला दुसऱ्या दिवशी कळलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “उद्या माझ्याबद्दल इचारलन तर काय सांगशील गो?” तिचं येणं थांबलं. दोन वर्षांनी मुसा नावाच्या एकाशी निकाह झाला, कुवेतला गेली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुझ्याजवळ आहे.

माया पातळ झाली तर मी समजून घेईन.

मैनाआत्या


पेण
२६ ऑक्टोबर २०२५

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. माया पातळ वगैरे पुन्हा लिहू नकोस.

तू तुझं सांगितलंस, आता मी माझं सांगते. नमिताचं नाव तू मोजलं नाहीस, पण तुला कळलंच आहे. हो, आत्या. मला ती हवी आहे, आणि तिलाही मी. जानेवारीपासून.

पण दिवाळीत सगळं बिघडलं. तिने खांबच्या स्थळाला नकार दिला, घरात रडारड झाली. आणि तालमीला येऊन मला म्हणाली, की शेवटचा प्रवेश कापू या, हैबतरावांना सही करू दे, मला एवढं झेपत नाही. मी सगळ्यांदेखत तिला भित्री म्हटलं. ती हेल्मेट घालून निघून गेली. आज सहा दिवस झाले.

मी कारखान्यात साच्यांमधून फेऱ्या मारते. जगन म्हणतो, बस जरा, जमीन झिजेल. मला वाटतं कापावाच तो प्रवेश. निदान नाटक होईल आणि ती परत येईल. दहा तारीख जवळ आली.

लोभाची आज खरोखर गरज आहे.

तुझी
रोहिणी


रोहा
५ नोव्हेंबर २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

सोबतचा कागद आधी वाच, मग हे.

परवा मी हैबतरावांकडे गेले. सुनेने चहा दिला आणि मामंजी झोपलेत म्हणून वाटेला लावलं. काल दहाला जाऊन पडवीत बसले, एक वाजेपर्यंत हलले नाही. शेवटी आले बाहेर. त्यांचा मुलगा रितेश मागे उभा. मी म्हटलं, हैबतराव, एक्क्याऐंशी साली तुमच्या वडिलांपुढे मी खोटं बोलले. गंगूताई कामवाली नव्हत्या. तुमच्या आत्याच्या त्या घरच्या होत्या आणि ते तुम्हालाही दिसत होतं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी मोठ्याने बोलते. सगळ्या आळीने ऐकलं असणार. रितेश हात जोडून हळू बोला म्हणत होता. मी म्हटलं, हळू बोलूनच चव्वेचाळीस वर्षं गेली.

हैबतराव काहीतरी पुटपुटले, मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी पेपरच्या कडेला पेनाने लिहिलं. ‘मला ठाऊक होतं. खांबच्या एसटीत मीच बसवलं तिला. लहानपणी गंगूआत्या म्हणायचो. ती रडली नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.’ मग चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. सही केली ती संपूर्ण नाटकासाठी. बघायला येणार नाहीत. खाली एवढंच लिहिलं, की आत्याचं नाव छापताना चुकू नका.

तेव्हा कापू नकोस. आणि नमिताला जाऊन सांग, की भूमिका सोडलीस तरी मी रागावणार नाही. भ्यायलेल्या माणसाला ढकलून धीर येत नाही, हे माझ्याकडून घे. तुझ्यासारखी ढकलणारी मला भेटली असती तर मी आणखी लांब पळाले असते.

मी नाटकाला येत नाही. तिथे मशीन शिट्ट्या मारील. तू सविस्तर लिहून कळव.

आशीर्वाद, या वेळी दोघींना वाटून.

मैनाआत्या


पेण
२ डिसेंबर २०२५

ती. मैनाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाटक शनिवारी झालं. बक्षीस नाही. परीक्षक म्हणाले, विषय धाडसी, प्रकाशयोजना अंधारी. जगन चिडलाय.

नमिता आपणहून परत आली होती. मी कासूला जाऊन, तू लिहिलंस तसं सांगून आले, माफी मागितली. त्यावर चार दिवस काही नाही, आणि पाचव्या दिवशी ती तालमीत उभी. पाठांतर चोख.

प्रयोगाला तिचे वडील आणि भाऊ आले, तिसऱ्या रांगेत बसले. शेवटच्या प्रवेशात जगनने विचारलं, नातं काय? आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची खटकन मिटली. वडील उठून दाराकडे चालले. नमिता थांबली. मला वाटलं, तिचं वाक्य मीच म्हणावं. तेवढ्यात तिने ते म्हटलं, जगनकडे नाही, वडिलांच्या पाठीकडे बघून. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, आत्या. वडील वाक्य संपेपर्यंत दारात उभे राहिले. मग गेले. टाळ्या नंतर झाल्या.

घरून फोन आला, सध्या येऊ नकोस. ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. आणि आता जे लिहायचं ते लिहवत नाही. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते हे तुला माहीत आहे. खालच्या मालकीण काकूंनी विचारलं, ही कोण? मी पटकन म्हटलं, मैत्रीण आहे, डोलवीची शिफ्ट इथून जवळ पडते म्हणून थोडे दिवस. नमिता जिन्यात उभी होती, बॅग हातात.

तिने भांडण केलं नाही. चहा दिला की थँक्यू म्हणते. काल एवढंच म्हणाली, “मोठ्याने म्हण, मोठ्याने म्हण, असं तालमीत तूच सांगायचीस.” मी त्या वेळी तुझ्यावर रागावून दारावरून निघून गेले होते, आत्या. मला लाज वाटते.

तुझी
रोहिणी


रोहा
६ डिसेंबर २०२५

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

लाज नंतर वाटून घे. हे पत्र मिळेल तेव्हा जिना उतर. चपला घालायला थांबू नकोस, तेवढ्यात मन बदलतं. जुबेदाला द्यायचं उत्तर मला एक दिवस उशिरा सुचलं होतं.

लिहायला आणखी काही नाही.

मैनाआत्या


पेण
१३ डिसेंबर २०२५

ती. मैनाआत्यांस,
नमिताचा सा. न.

कोणत्या नात्याने लिहू ते कळत नव्हतं. रोहिणी म्हणाली, नमस्काराला नातं लागत नाही, म्हणून लिहितेय. पत्र लिहायची सवय नाही, शाळेनंतर हे पहिलंच.

तुमचं पत्र बुधवारी आलं. माझी दुसरी पाळी होती, मी डबा भरत होते. रोहिणीने उभ्या उभ्या वाचलं आणि अनवाणी खाली गेली. जिन्यात आवाज घुमतो, मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, काकू, त्या दिवशी मी खोटं सांगितलं. नमिता माझी जोडीदार हाय, आम्ही दोघी इथेच राहणार. घाबरली की ती आमच्या कासूसारखं बोलायला लागते. थोड्या वेळाने खालून मिक्सरचा आवाज आला. रोहिणी वर आली आणि माझा अर्धा राहिलेला डबा भरायला लागली. मी त्या दिवशी शिफ्टला उशिरा पोचले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा मुलगा साहिल येऊन सांगून गेला, जानेवारीअखेर खोली रिकामी करा. आम्ही दोन जागा बघितल्या. एका ठिकाणी घरमालकाने विचारलं, तुम्ही दोघी कोण? या वेळी मी सांगितलं. जागा मिळाली नाही. उद्या डोलवीच्या बाजूला बघायला जाणार आहोत. रोहिणीचा पाय घरात ठरत नाही, माझाही नाही, पण आता दोघी एकत्र फेऱ्या मारतो.

आईने शेजारच्यांच्या फोनवरून विचारलं, शिफ्ट सुटल्यावर जेवतेस ना? मी हो म्हटलं. तिने फोन लगेच ठेवला नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणतात. तुम्ही मला अजून पाहिलेलं नाही. तरी मागते.

तुमची
नमिता