पाचही पत्रांत एकशेवीस-ऐंशी

प्रिय ठमाबाई,

मी इथे धडधाकट आहे, जेवण वेळेवर होतं. खोलीतल्या वेल्डरचं घोरणं सोडलं तर तक्रार नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. आधीच्या चारही पत्रांत नेमका तेवढाच. मी बॉयलरवर दर तासाला दाबाचा काटा बघून वहीत लिहितो. काटा थोडाफार हलतोच. पानभर एकच आकडा दिसला की फोरमन विचारतो, "जागेवरून न उठता लिहिलंस ना रे?"

तेच मी तुला विचारतोय. सातवा महिना लागला, दवाखान्यात शेवटचं कधी गेलीस? हात सुजून बांगड्या काढाव्या लागल्या, हे तू सहज लिहून गेलीस. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? माझ्या ताईला हे ठाऊक आहे, की तिलाही एकशेवीस-ऐंशीच सांगतेस?

हे पत्र मिळताच तिला घेऊन दवाखान्यात जा. आकडा नर्सच्या हातून लिहून आण आणि तोच कागद मला पाठव. मला घोर लागेल म्हणून गोड लिहू नकोस. दाब वाढला असेल तर फोरमन रजा देईल. एकशेवीस-ऐंशीवर तो मला सोडणार नाही.

तुझा,
बॉयलरवाला