दोघांनी बुडवलेलं प्रॅक्टिकल

१३ जुलै, सोमवार

केमिस्ट्रीत एकाहत्तर. थोडक्यात वाचले. सत्तरच्या खाली एक विषय जरी गेला तरी मेडिकलचे लोक पुढचं काही बघत नाहीत. दीड हजारांच्या वर पोरं आहोत आम्ही या पहिल्या वर्षाला, आणि सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचंय. निदान सगळ्यांच्या घरच्यांना तरी.

आजपासून दुसरं सेमिस्टर. पहिल्यात चार विषय होते, आता तीनच, म्हणून मी जरा खुशीत होते. पहिल्याच लेक्चरला बाईंनी सत्तर स्लाइड्स दाखवल्या आणि म्हणाल्या, “ही नुसती ओळख.” खुशी तिथेच संपली.

खोलीतला हीटर संध्याकाळी सहाला चालू होतो. तोवर मी अंथरुणात टोपी घालून वाचते. न्यूझीलंडात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि डनेडिनच्या थंडीत घरचे, ऑकलंडचे कपडे काही कामाचे नाहीत.

१९ जुलै, रविवार

चर्चनंतर आत्याचा फोन. लुसियाने आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण — आमच्या घरात तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही. बाबांचा तर नाहीच नाही.

“सेइनी, आज पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर तुझ्यासाठी नि लोपेतीसाठी प्रार्थना केली. दोन डॉक्टर एका घरात! लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते.”

“आत्या, अजून डॉक्टर नाही झालोय. पहिलं वर्षच आहे.”

“तेच ते. जेवतेस ना नीट?”

जेवते म्हटलं. हॉस्टेलात आज उकडलेला फ्लॉवर आणि चिवट मटण होतं. मागून पोरांचा आवाज येत होता, लू वाढत असतील, अळूच्या पानांत गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण. अळूच्या पानाचा तो वास आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं. दमलेय असं सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

३० जुलै, गुरुवार

लायब्ररीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी मोकळं टेबल दिसलं. बॅग ठेवली आणि बघते तर पलीकडे लोपेती. त्यानेही मला पाहिलं. दोघांनी एकदमच सामान उचललं. मी चौथ्या मजल्यावर गेले, तो बहुतेक पहिल्यावर. ते टेबल कोणा तिसऱ्यालाच मिळालं असणार.

इमोजेन माझ्या शेजारच्या खोलीत राहते, टिमारू गावची आहे. आज तिने विचारलंच, “तुझं नि त्या लोपेतीचं भांडण आहे का गं?”

“नाही. भाऊ आहे माझा. चुलतभाऊ.”

“मग?”

“मग काय? भाऊ आहे म्हणूनच.”

तिचा चेहरा बघून थोडं सांगितलं. आम्हा टोंगन बेटांवरच्या लोकांत सख्खा-चुलत असा फरक नसतो. भाऊ तो भाऊ. आणि भावाने बहिणीचा मान ठेवायचा. एका खोलीत लोळत टीव्ही बघायचा नाही. अंगाच्या-कपड्यांच्या गोष्टी एकमेकांसमोर बोलायच्या नाहीत, कोणी बोललं तर ऐकायला थांबायचं नाही. लोपेती दहा वर्षांचा झाल्यापासून मागच्या गॅरेजमध्ये झोपतो, घरात मुली आहेत म्हणून. आणि बहीण मोठी असो वा लहान, मान तिचाच वरचा. तिने मागितलं तर त्याला नाही म्हणता येत नाही.

“मस्त आहे की! मला दोन भाऊ आहेत, एकही ऐकत नाही,” इमोजेन म्हणाली.

मस्त काय त्यात. फिजिक्स-केमिस्ट्री त्याच्या हातचा मळ, शरीरशास्त्र माझ्या. एकत्र बसलो असतो तर दोघांचेही कष्ट अर्धे झाले असते. पण शरीरशास्त्राचं पुस्तक त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उघडू?

११ ऑगस्ट, मंगळवार

मूत्रपिंड. दिवसभर मूत्रपिंड.

२३ ऑगस्ट, रविवार

मला थांबायचंय. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते. शुक्रवारी लेक्चरला बसल्या बसल्या झोपले, शेजारच्या मुलाने कोपराने ढोसून उठवलं. काल आंघोळ करताना शाम्पू दोनदा लावला आणि तिसऱ्यांदा लावायला घेतला. वाचते ते डोक्यात जात नाही, गेलं तर राहत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्यात काही कमी आहे म्हणून हे होतंय असं वाटत राहतं. बाकीचे हसत-खिदळत कॅन्टीनमध्ये बसलेले असतात.

आत्याला म्हटलं, सगळं छान चाललंय. ती म्हणाली, “लोपेतीही तेच म्हणाला.” तो माझ्यासारखाच खोटारडा.

आज मात्र तिचा आवाज जरा खोल गेलेला वाटला. विचारलं तर म्हणाली, “वय झालं बाळा. पायऱ्या चढले की दम लागतो.”

२२ सप्टेंबर, मंगळवार

प्रजनन संस्था सुरू झाली. हे येणार हे फेब्रुवारीपासून माहीत होतं, तरी पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि माझे कान तापले. मी वर उजवीकडे बसते, तो खाली डावीकडे. मधे चारशे माणसं. पण भाऊ एका छपराखाली आहे आणि माइकवरून हे सगळं चाललंय!

उठले, वाकून बाहेर आले. रेकॉर्डिंग असतंच, खोलीत बघता येईल. मागे वळून पाहिलं तर खालच्या दाराने लोपेतीही निसटत होता. उंच पुरा रग्बीवाला, पुस्तकं छातीशी धरून चोरासारखा. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

३० सप्टेंबर, बुधवार

ताप. आजचं प्रॅक्टिकल बुडालं. याच विषयाचं, आणि सक्तीचं — ते केल्याशिवाय शरीरशास्त्राच्या परीक्षेला बसू देत नाहीत. ऑफिसमध्ये कळवलं, तर उत्तर आलं, शुक्रवारच्या गटात या.

शुक्रवारच्या गटात लोपेती आहे. सहा-सहा जणांची टेबलं, समोर मॉडेल. तिथे छपराखाली लपायला चारशे माणसं नाहीत.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही गेले. मी दिसले असते तर तो आत पाय न ठेवता परत गेला असता आणि त्याची परीक्षा बुडाली असती. तो गट त्याचा आहे. मी आजारी होते, मला काहीतरी सबब सांगता येईल. हॉस्टेलातच बसून राहिले. त्याचं तरी झालं, एवढं एक समाधान. झोप छान लागली.

५ ऑक्टोबर, सोमवार

डोकं बधिर झालंय.

लॅबच्या मुख्य बाई मिसेस ड्रमंड यांची मेल — शुक्रवारी तुम्ही का आला नाहीत? ठीक. पण खाली लिहिलंय, हीच मेल तुमच्याच आडनावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्यालाही पाठवत आहे, तेही गैरहजर होते.

तोही गेला नाही! इमोजेनने त्याला गुरुवारी कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं, सेइनीला बरं वाटतंय, उद्या तुमच्याच गटात येणार आहे. बिचारीने चांगल्या मनाने सांगितलं. आणि त्याने काय केलं? माझी वाट मोकळी करून दिली. मी त्याच्यासाठी खोलीत, तो माझ्यासाठी त्याच्या खोलीत. टेबलावरचं ते मॉडेल तेवढं हजर.

इमोजेन रडायला आली. तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. या असल्या चुका फक्त आमच्यातच होऊ शकतात.

६ ऑक्टोबर, मंगळवार

मिसेस ड्रमंडकडे गेले. बाई कडक नाहीत, पण थकलेल्या आहेत. आमच्यासारखी किती पोरं रोज येत असतील त्यांच्याकडे.

“शेवटची एक संधी. शुक्रवारी दहा वाजता. दोघंही या.”

“आम्हाला वेगवेगळी वेळ मिळेल का?”

“एकच वेळ आहे. का?”

“आम्ही भाऊबहीण आहोत.”

“मग उत्तमच की. एकमेकांना मदत होईल.”

पुढे काय सांगणार? थँक यू म्हणून बाहेर आले. नीट सांगितलं असतं तर बाईंनी काहीतरी सोय केलीही असती. पण परक्या बाईसमोर भावाचं नाव आणि ते शब्द एका वाक्यात मला आणता येईनात.

७ ऑक्टोबर, बुधवार

लोपेतीचा मेसेज. “शुक्रवारी तू जा. मला तसंही हे जमत नाहीये.”

खोटं. केमिस्ट्रीत त्याला ब्याण्णव आहेत. बहिणीपुढे भावाने माघार घ्यायची म्हणून घेतोय, आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर हे. मी नको म्हटलं तरी तो जाणार नाही, आणि मी गेले तर त्याचं वर्ष माझ्या डोक्यावर. मला तर थांबायचंच होतं ना? मग आता का रडतेय मी? कारण थांबायचं नाहीये. दमलेय, इतकंच.

आम्हा दोघांच्याही वर एकच माणूस आहे. उद्या तिला सांगते. शिव्या खायची तयारी ठेवते.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आत्याला सगळं सांगितलं. मधे मधे थांबून, शब्द चुकवत. तिने शिव्या दिल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं,

“त्या तासाला नेमकं काय शिकवतात?”

“बायकांचं... आतलं सगळं, आत्या. पुरुषांचंही.”

“बायकांचे आजारही?”

“हो.”

“मग दोघंही जा.”

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. ही आत्या! टीव्हीवर चुंबन आलं की लोपेतीला बाहेर पिटाळणारी. माझ्या धाकट्या बहिणीचा झगा दोरीवर पुरुषांच्या कपड्यांशेजारी वाळत घातला म्हणून आईला सगळ्यांदेखत बोलणारी.

“आत्या, एकत्र?”

“एकत्र. कान उघडे ठेवून. मी सांगतेय म्हणून जा. पाप लागलं तर मला लागेल. आणि लोपेतीला मीच फोन करते, तू नको करूस.”

९ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. कसं झालं ते विचारू नये.

तो खिडकीकडे तोंड करून उभा, मी बेसिनकडे. मिसेस ड्रमंड मधे, हातात प्लॅस्टिकचं कमरेचं हाड. “तुम्ही दोघं टेबलाकडे बघाल का?” बघितलं. टेबलाकडेच, एकमेकांकडे नाही. गर्भाशयाचं मॉडेल दोन भागांत उघडतं, एक भाग त्याच्याकडे द्यायचा होता. मी टेबलावर ठेवला, त्याने उचलला. त्याची मान लालबुंद. प्रश्न विचारले तेव्हा मात्र त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली, जमिनीकडे बघत. मीही दिली. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर काय काय शंका घ्यायची, यावर बाईंनी आम्हाला फार वेळ पिदडलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आत्याला काय झालंय? बदलली.”

“वय झालं असेल,” मी म्हटलं.

एवढं बोलून तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या.

४ नोव्हेंबर, बुधवार

शेवटचा पेपर संपला. आनंद वगैरे काही नाही. झोपते.

१५ नोव्हेंबर, रविवार

लोपेती घरी गेला. मी डिसेंबरपर्यंत इथेच, हॉस्टेलच्या खोल्या साफ करायचं काम मिळालंय. दीडशे गाद्या, दीडशे कपाटं. डोक्याला काही काम नाही म्हणून बरं वाटतं. निकालाचा विचार करायचा नाही असं ठरवते आणि प्रत्येक गादीला करते.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

रविवार नसताना आत्याचा फोन. हवापाणी विचारलं, मग म्हणाली, “पाळी जाऊन वर्षं झाली आणि पुन्हा अंगावर जायला लागलं, तर ते काय असतं गं? शिकवलं ना तुम्हाला?” कोणाला होतंय, असं विचारलं. ती पुन्हा हवेवर घसरली. कधीपासून? “थंडीच्या आधीपासून. क्लिनिकातला डॉक्टर आपला मोसेसे, माझा भाऊ. त्याला कसं सांगू? म्हणून तर दोघांना पाठवलं. एक विसरला तरी दुसऱ्याला आठवेल.” मी म्हटलं, आत्या, आजच हॉस्पिटलात जायचं, बाई डॉक्टर मागून घ्यायची. पहिल्यांदा मी तिला सांगितलं आणि तिने ऐकलं.

घरात त्या वेळी आत्यापाशी लोपेती एकटाच होता. त्याला फोन केला. भावाच्या कानावर घालायचे नसतात ते शब्द एकेक करून घातले. त्याने मधे थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “वजनही उतरलंय तिचं.” लगेच ने तिला, मी म्हटलं. “गाडी काढतो,” तो म्हणाला.

निकाल दुपारीच लागला म्हणे. बघायचा राहिलाय.