रुसलेले आकडे

४ मार्च
आले एकदाची! मामा स्वतः स्टेशनवर हजर. एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख झालाय, पण भाचीची बॅग दुसऱ्याला उचलू देईल तर शपथ. आई गेल्यावर यानेच मला वाढवलं, मोजपट्टी हातात धरायला यानेच शिकवलं. त्याच्या हाताखाली नोकरी म्हणजे मला माहेरी आल्यासारखंच वाटतंय.

मला राहायला दिलेलं घर डोंगराच्या उतारावर, संस्थेच्या बरंच वर. माझं काम स्वयंपाकघरातच आहे: काचेच्या कपाटात छतापासून टांगलेला लांब ओळंबा आणि त्याच्या टोकाशी बारीक काटा. डोंगर कलला की घर कलतं, घर कललं की काटा सरकतो. तो वाचायचा आणि खाली फोनवर कळवायचा. चहा उकळेपर्यंत काम होतं!

९ मार्च
संस्थेत गंमतच आहे. इतकी माणसं डोंगराचा अभ्यास करतात आणि एकाच्याही बुटाला माती नाही. सगळे संगणकातला डोंगर बघतात. तिथे हवा तेव्हा पाऊस पाडता येतो, शंभर वर्षं एका दुपारीत सरतात. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘पंडित’ म्हणतात, कारण पत्रिका मांडावी तसं ते डोंगराचं भविष्य सांगतात. उतार भक्कम आहे, असं त्यांचं भाकीत.

सोमवारच्या बैठकीत माझी मापं या भाकिताशी ताडून बघतात. नाही जुळलं तर ‘आकडा रुसला’ म्हणतात, आणि मग त्याची समजूत काढतात: थंडीने तार आखडली असेल, कुणी दार आपटलं असेल. समजूत काढून झाली की आकडा जुळता करून घेतात. संगणक कधी रुसत नाही का, असं मी विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

१६ मार्च
काटा सरकलाय. तार बदलली, कपाटाच्या फटी बुजवल्या, पुन्हा वाचला. तेच माप. बैठकीत सांगितलं तर पंडित म्हणाले, नव्या माणसाचे हात कापतात. फार लागलं मला ते.

मामाने नंतर बाजूला घेतलं. जगभरातले डोंगर अभ्यासून हा संगणक तयार झालाय, तुझा आपला एक काटा, म्हणाला. पूर्वी हाच सांगायचा की गणित आणि जमीन भांडली तर जमिनीची बाजू घ्यायची. तशी आठवण करून दिली, तर काळ बदलला गं, म्हणून हसला. पण वाचन एकही चुकवू नकोस, हे मात्र दोनदा बजावलं.

२३ मार्च
ओट्यामागच्या भिंतीला भेग. बोट आत जातं. मी घाबरून फोन केला, तसा मामा धापा टाकत वर आला. भेगेकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. गिलावा वाळलाय, बाकी काही नाही, म्हणाला. मी असताना तुला काय होणार, म्हणाला. डोक्यावर हात ठेवला. त्याच्या शब्दावर बॅग परत रिकामी केली.

२६ मार्च
मामाचा बंगला पायथ्याशी आहे. आज तो रिकामा होताना बघितला. मामी म्हणाली, माहेरी चाललेय. पण माहेरी जाताना कुणी कपाटं नेतं? माझा हात सोडेना. तूही चल, म्हणाली. का, ते सांगेना. मामा दारात आला, तसा तिने माझा हात सोडला. डोळे पुसून गाडीत बसली.

२८ मार्च
पंडितांच्या खोलीत गेले होते. ते जागेवर नव्हते. पडद्यावर उतार घसरत होता. त्यात माझं घर. भिंतीला भेग, तिथेच, ओट्यामागे —

पंडित आले. आधी थापा मारल्या. मग बोलले. बैठकीत दाखवतात तो डोंगर वेगळा. खरा हा. मी यायच्या आधीच तो संगणकात कोसळला होता. त्यानंतर मामाने मला बोलावलं.

नुसत्या संगणकावर जग विश्वास ठेवत नाही म्हणे. डोंगर पडताना आतून, शेवटपर्यंत घेतलेलं माप हवं. तेही माणसाने डोळ्यांनी वाचलेलं, यंत्राबद्दल लोक शंका घेतात. दुसरं कुणीही पहिल्या भेगेलाच पळालं असतं. ‘ही माझ्या शब्दावर राहील’ — हे मामाचं वाक्य. पंडितांनी जसंच्या तसं सांगितलं.

केसाने गळा कापला माझा. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. याला काय म्हणू?

अजून चार दिवस आहेत, असं पंडितांचा डोंगर सांगतो. आजची रात्र खाली स्टेशनवर काढते, उद्या वर जाऊन आईचा फोटो आणि कपडे आणते. मग या माणसाचं तोंडही बघायचं नाही.

२९ मार्च, दुपार
वर आले. काटा कालच्या दुप्पट सरकलेला. मी — मी मनात म्हटलं, दार जोरात लावलं म्हणून असेल. मीच समजूत काढली त्याची. चार दिवस आहेत ना —

चौकट वाकली. दार हलत नाही. खिडक्यांना गज. खालून आवाज येतोय, जमिनीच्या आतून — थांबतो, पुन्हा —

पंडित फोन उचलत नाहीत. मामाने उचलला. पहिल्याच घंटेला. मी ओरडले, माणसं पाठव, दार तोड, मामा, मला बाहेर काढ — सगळं ऐकून घेतलं त्याने.

भेग छतापर्यंत —

फोन चालूच आहे. बोलतोय. किती मऊ आवाज. मला ताप आला की असाच उशाशी बसून — रडू नकोस, म्हणतोय. मी आहे ना, म्हणतोय. शहाणी माझी ती, आधी एवढं बघून सांग, काटा कि