बाबा सकाळी कुठे जातात

प्रिय चिमे,

घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू रडायला बसली असशील. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला कधी सलग बोलू दिलंयस? एका बाकावर बसायचो तेव्हापासूनची तुझी ही खोड, आणि तुझ्या भावाशी लग्न केलं म्हणून ती काही सुटली नाही.

गेले काही महिने आपण कसे काढले ते तुला माहीतच आहे. बाबा सकाळी डबा घेऊन, कामाचे जुने बूट चढवून बाहेर पडायचे आणि दुपार कलल्यावर परतायचे. कुठे गेला होतात, तर म्हणे, जरा चालून आलो. बुटांना गंजाची लाल माती. त्यात कोपऱ्यावरच्या शिंप्याने तुझ्या दादाला गाठून सांगितलं, की बाबा बंद पोलाद कारखान्यात एकटेच हातवारे करत बोलत होते. तेव्हापासून दादाच्या घशाखाली घास उतरेना. थोरल्या काकांचंही असंच सुरू झालं होतं ना, कारखाना बंद पडला तरी कामावर निघायचे, आणि मग आपण त्यांना शोधत फिरायचो. तू तिकडे वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीस, आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली. कुणी तोंडाने म्हणत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

परवा मात्र मला राहवेना. बाबा निघाले तशी मीही चप्पल पायात सरकवून त्यांच्या मागे गेले. चोरासारखं वाटत होतं. भंगारवाल्याच्या कुंपणामागून मालगाड्यांचा तो जुना फाटा जातो बघ, तिथून ते चालू लागले. किती वर्षांनी पाहिला मी तो! रूळ कुठे डांबराखाली गडप होतात, नुसती एक चकचकीत रेघ दिसते. मग ते एका गॅरेजच्या पोटात शिरतात आणि मागच्या भिंतीतून बाहेर येतात. पुढे तर रुळांखालच्या लाकडी पट्ट्याही लोकांनी उपटून नेल्यात. कारखान्याच्या फाटकाचे खांब आहेत, फाटक नाही. सळ्या बनवायची शेड आठवते? पत्रे सगळे गेले, उरलाय नुसता लोखंडी सांगाडा. वर क्रेन अजून लटकलीय आणि तिच्या केबिनमध्ये कबुतरांनी संसार थाटलाय. भट्टी तेवढी शाबूत आहे, तांबूस, अंगाखांद्यावर पाइप घेऊन. आणि तिच्यासमोर बाबा उभे, हात वर करून बोलतायत.

भट्टी आहे, म्हणत होते. जिना तुटलाय. उजवीकडची चिमणी पाडली, तिथे आता आभाळ आहे. शिंप्याचं खरं निघालं, चिमे. त्यांना हाताला धरून घरी न्यायला मी निघणार, एवढ्यात खांबाआडून कुणीतरी विचारलं, "आणि माझा काटा?"

खांबापलीकडे दगडावर एक बाई बसल्या होत्या. काळा चष्मा, हातात काठी. या काट्यावरच्या बाई! बाबा कारखान्यातलं छोटं इंजिन चालवायचे तेव्हा मालाची प्रत्येक वाघीण वजनकाट्यावर थांबायची, आणि या बाईंनी खिडकीतून हात दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही. तुला आठवत असेल, तू हट्टाला पेटलीस की बाबा म्हणायचे, काट्यावरच्या बाईंपुढे उभी करतो. त्यांची नजर आता गेलीय. भाची कामावर जाताना त्यांना फाटकाशी सोडते. मग बाबा त्यांचा कोपर धरून रोज थोडा थोडा भाग फिरवतात आणि काय उरलंय, काय गेलंय ते सांगतात. शिंप्याला नेमक्या त्याच दिसल्या नव्हत्या!

मला हसू आलं की रडू, देव जाणे. मी पुढे झाले तर बाबा कानापर्यंत लाल. ही माझी सून, एवढंच कसंबसं म्हणाले. बाईंनी माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, तूच का ती, तिखट जरा कमी घालत जा. म्हणजे डबा दोघांत संपत होता, आणि मी मात्र बाबांची भूक वाढली म्हणून खूश!

मग आम्ही तिघं काट्याकडे गेलो. तिथे त्यांची खोलीच नाही गं. गवतात लोखंडाची भली मोठी तबकडी तेवढी रुतलेली. मला वाटलं, बाबा आता थाप मारतील. पण ते म्हणाले, "काटा आहे. तुमची खोली नाही." बाईंनी काठीने चाचपून तबकडी शोधली, तिच्यावर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "या वर. किती भरताय बघते." आणि आपले बाबा चढले. दोघं त्या वाघिणीच्या काट्यावर उभं राहून इतके हसले, की क्रेनमधली कबुतरं उडाली.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली. तूही ती खोली सोडून दे. दादाला सांगितलं तर तो आधी हसला, मग तोंड धुवायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आपल्याला वाटत होतं बाबा हातचे चालले. ते तर कधी नव्हे एवढे जागे आहेत.

आता खरं कारण. भाचीची बदली झालीय आणि बाईंना तिच्याबरोबर जायचं नाही. नव्या गावात चाचपडावं लागेल, इथलं सगळं न बघताही दिसतं, म्हणतात. बाबांना त्यांना कायमच्या सोबतीला आपल्या घरी आणायचंय. दादाला त्यांनी स्वतः विचारलं, तो हो म्हणाला. तुला विचारायचं मात्र त्यांना धाडस होईना. चिमीला वाटेल मी तिच्या गेलेल्या आईला विसरलो, असं म्हणून काल ते माझ्यासमोर रडले. मग म्हणाले, तूच लिही. आत्ता समोरच बसलेत, चहा निवून गेलाय. तू नाही म्हणालीस तरी ते रागावणार नाहीत, तुझा बाप तुझाच राहील, एवढं नक्की लिही म्हणतात. लिहिलं.

तुझीच,
वहिनी