बिनसाईचं सूप

२ डिसेंबर

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

शीतगृहाचं कँटीन तू माझ्या हाती सोपवलंस आणि पहिल्याच थंडीत तुझ्या बटाट्याच्या सुपाला हात घालावा लागतोय, म्हणून आधी तुलाच कळवते. गेल्या महिन्यात आपला फोर्कलिफ्टवाला खोक्यांच्या रांगेत छाती धरून खाली बसला. वाचला. पण डॉक्टरांनी सगळ्यांचंच रक्त तपासलं, मग माझ्या पातेल्यात डोकावून विचारलं, की यात लोण्याशिवाय काही आहे का. तेव्हा लोणी आणि साय बंद. निम्मे बटाटे काढून फ्लॉवर घालतेय. रंग तरी तोच आहे. तू चिडशील, रागासोबत थोडा सल्लाही पाठव.

माया आहे ती तशीच राहू दे.
चिंगी

९ डिसेंबर

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र काकांना वाचून दाखवलं. ते हल्ली बोलतच नाहीत. हृदयाच्या दुखण्यातून उठून घरी आल्यापासून आपली उकडलेली भाजी घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लोटून जेवतात. टेबलाशी मी आणि माझं सूप.

आता तुझ्या फ्लॉवरविषयी. बोटं निळी करून बर्फातून बाहेर आलेल्या माणसाला तू भाजीचं पाणी पाजणार? त्यापेक्षा गरम पाण्याची पिशवी दे, पोटावर तरी ठेवता येते. तुझ्या आईलाही सुधारणेची अशीच खाज होती. तिचा बिनसाखरेचा केक आमच्या कुत्र्याने अंगणात पुरला होता. सल्ला हवा तर एकच: नको करूस.

काकांचेही आशीर्वाद आहेत असं धरून चाल.
मावशी

१६ डिसेंबर

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी वाणी खरी ठरली. वाट्या भरलेल्याच परत आल्या. क्रेनवाल्याने विचारलं, हे प्यायचं की याने खोकी चिकटवायची. मॅनेजर म्हणतो, महिनाअखेरपर्यंत असंच चाललं तर बाहेरून डबे मागवू आणि कँटीनला कुलूप. जाईल नोकरी तर जाऊ दे, पण लोणी पुन्हा घालणार नाही. फोर्कलिफ्टवाला कामावर आलाय आणि माझ्या खिडकीसमोरच जेवायला बसतो.

लहान तोंडी मोठा घास घेते. काकांना भाजी वाढायची, त्यांच्यासमोर साईचं सूप ओरपायचं, आणि वर ते दार लोटतात म्हणून नवल करायचं, हे कुठलं शहाणपण?

रागावलीस तरी तोडू नकोस.
चिंगी

२४ डिसेंबर

चि. चिंगीस,
आशीर्वाद, उरले असतील तेवढे.

शिव्या पुराव्यानिशी द्याव्यात म्हणून तुझी खळ करून पाहिली. भिकार कल्पना. त्यात तू फ्लॉवर पाण्यात उकडलास, म्हणजे ओल्या मोज्यांचा वास सुटणारच. तो भाजायचा असतो, कडा तपकिरी होईपर्यंत. कांदा मंद आचेवर पार मऊ होऊ दे. तुझ्यासारख्या धांदरटाला जमणं कठीणच. दूध अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नाहीतर फाटेल. मिरी, किंचित जायफळ. आणि थोडे तुरे न घोटता ठेव, दातांना काम मिळतं. एवढं करून ते सूप होत नाही, कमी वाईट होतं इतकंच.

तुझ्या प्रश्नाला उत्तर देणार नाही.
मावशी

२ जानेवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

कँटीन वाचलं. मावशीच्या सुपाची सर नाही, असं क्रेनवाला म्हणाला, तेही तिसरी वाटी हातात धरून. फोर्कलिफ्टवाल्याने पाव फिरवून वाटी पुसून घेतली. मॅनेजर आता सगळ्यांना सांगतो, की कल्पना त्याचीच.

पण मावशे, जायफळ किती आणि तुरे किती ठेवायचे, हे एकदा करून कळत नाही. नुसत्या शिव्या द्यायला इतक्यांदा कशाला केलंस?

उत्तराची आणि मायेची वाट बघते.
चिंगी

१० जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझा मॅनेजर गाढव आहे, हे मी नोकरी सोडतानाच त्याला सांगून आले होते.

पहिल्या दिवशी काकांना वाढलं ते निम्मं परत आलं. मी फ्लॉवर भाजायला लागले, तशी वाटी रिकामी यायला लागली. मग एका संध्याकाळी दार उघडलं आणि ते खुर्ची ओढून समोर बसले. मीही त्यांच्याच पातेल्यातलं घेतलं. मीठ कमी आहे म्हणाले. किती दिवसांनी मला नावं ठेवली त्यांनी. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगा. ते हसले, वाटी पुढे केली आणि म्हणाले, "मागच्या खोलीत फार गार वाटायचं गं."

मी त्यांची वाटी काठोकाठ भरली.

ते सूप नव्हे, हे माझं मत कायम आहे. उद्याही तेच करणार आहे.

लोभ कमी होणार नाही, काळजी नसावी.
मावशी