सेबलची बाजू

मी, जेबेझ ऑरेल, वय एकाहत्तर, धंदा घराण्यांची चिन्हे रंगवण्याचा, राहणार लडलो, बुद्धी शाबूत आणि हात रंगकामाला निकामी असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवतो की,

१. राहते घर, रंगकामाची खोली आणि सगळे कुंचले माझी मुलगी केझिया हिला द्यावेत. पितळी घड्याळही तिलाच. शेजारच्या टॉबीने ते मागितले तर त्याला म्हणावे, आधी आमची शिडी परत आण.

२. मेहुणा सायलस कवी आहे. आमच्या धंद्यात काळ्याला 'सेबल' म्हणतात. तो शब्द त्याने माझ्याकडून उचलला आणि रात्र, कावळे, विधवांचे झगे, दिसेल त्याला फासला. मी म्हणालो, "मेल्या, सरळ काळं म्हण की!" तर म्हणतो, "दाजी, काळं म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो. सेबल म्हटलं की डोक्यावरच्या टोप्या उतरतात." ते मात्र खरे होते.

३. मोठ्या घरी कोणी गेले की दारावर चिन्हांचा फळा लागतो. नवरा-बायकोतले जे गेले त्याच्या बाजूला सेबल, मागे राहिलेल्याची बाजू पांढरी. हार्लोंची सून वारली तेव्हा माझी बायको टॅबिथा अंथरुणाला खिळलेली होती. जागरणाने माझे डोके ठिकाणावर नव्हते. सेबल मी नवऱ्याच्या बाजूला भरले. त्याची आई परगावाहून आली, बग्गीतूनच फळा पाहिला, मुलगा गेला असे समजून कोसळली, ती उठलीच नाही.

केझिया माझ्या हाताखाली रंगकाम करायची. ती म्हणाली, "बाबा, माझं नाव सांगा. तुमची कामं गेली तर आईच्या औषधाचं काय?" मी सांगितले. सायलसने 'जित्याला सेबल लावणारी' म्हणून तिच्यावर कविता छापली. पोरीचे ठरलेले लग्न मोडले. आता ती वूस्टरला शिवणकाम करते.

४. सायलसने तीच कविता माझे नाव घालून पुन्हा छापावी. हा कागद चर्चच्या दारात मोठ्याने वाचावा, आणि मगच मला पुरावे.

५. केझिया, तुझी आई तुझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. "हिनं एका आईचा जीव घेतला," एवढेच म्हणायची. अकरा आठवडे मी उशाशी होतो. एक वाक्य सांगायचे होते. ती माझ्याकडे पाठ फिरवेल, या भीतीने सांगितले नाही. ती गेली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

जेबेझ ऑरेल

आमच्यासमक्ष:
हम्फ्री डॉज, मेणबत्तीवाला
प्रुडन्स लॅकन, शेजारीण

लडलो, १२ नोव्हेंबर १८३१